व्हिनेगरमधील आम्ल सौम्य असेल, तर त्याला हायड्रोक्लोरिक आम्लाइतकाच कॉस्टिक सोडा का लागतो?

मुलुंडची पालक

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे आणि तिच्या वर्गात सध्या आम्ल, आम्लारी व क्षार हा पाठ चालू आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्या बाईंनी प्रयोगशाळेत एक प्रात्यक्षिक करून दाखवले. एका शंकूपात्रात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिलिलीटर आणि दुसऱ्यात ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधील आम्ल) तितकेच, अशी दोन द्रावणे घेऊन त्यांचा सामू, म्हणजे पीएच, आधी पीएच पट्टीवर तपासला, तेव्हा पहिल्याची पट्टी १ च्या रंगाशी आणि दुसऱ्याची ३ च्या रंगाशी जुळली. मग दोन्हींत फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन-तीन थेंब घालून ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मोजनळीतून) ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडले. फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत दोन्ही पात्रांना जवळजवळ सारखेच, म्हणजे १० मिलिलीटरच्या आसपास द्रावण लागले.

मुलीचा आक्षेप असा आहे की सामूमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक, असे बाईंनीच शिकवले होते. त्या हिशोबाने १ आणि ३ यांत शंभरपट फरक होतो. मग ॲसेटिक आम्लात हायड्रोजन आयन शंभरपट कमी असताना ते संपवायला आम्लारीही शंभरपट कमी, म्हणजे दोन-तीन थेंबच पुरायला हवे होते. तास संपत आल्यामुळे वर्गात या शंकेचे उत्तर राहून गेले. मी स्वतः वाणिज्य शाखेची असल्यामुळे मला तिचे समाधान करता आले नाही. शोधून पाहिले, तर सगळीकडे ‘सौम्य आम्लाचे विचरण अंशतः होते’, म्हणजे त्याचे थोडेच रेणू आयनांत तुटतात, हेच एक वाक्य लिहिलेले आढळले. ते तिला पाठ आहे आणि तिची शंका नेमकी त्या वाक्यानंतरच सुरू होते.

जोडून आणखी एक विचारते. सौम्य आम्ल म्हणजे हाताळायला सुरक्षित आम्ल, असे मुलांना सांगावे का?

गिरगावचे मास्तर

आपल्या मुलीचे गणित बरोबर आहे, हे तिला सर्वप्रथम सांगावे. तिने दोन माहित्या शेजारी ठेवून त्यांतील विसंगती पकडली आहे, आणि तीव्र आम्लांची व सौम्य आम्लांची यादी घोकून परीक्षेत पूर्ण गुण मिळवणाऱ्या बहुतेक मुलांना ही विसंगती कधी दिसतच नाही. मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले असून माझे मत असे आहे की या पाठातील यादी शेवटी शिकवावी आणि हा प्रश्न आधी विचारावा.

आता मुद्द्याकडे येतो. पीएच पट्टी आणि ब्युरेट ही दोन साधने दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. पट्टीला त्या क्षणी द्रावणात सुटे असलेले हायड्रोजन आयनच कळतात, तर ब्युरेटमधून पडणारी आम्लारी सुटे आयन संपले म्हणून थांबत नाही, ती आम्लाच्या रेणूंत अजून अडकून असलेले हायड्रोजनसुद्धा एकेक करून बाहेर काढते.

०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात जवळजवळ सर्वच रेणूंचे विचरण झालेले असते, त्यामुळे सुट्या हायड्रोजन आयनांची संहतीही (द्रावणातील प्रमाणही) ०.१ मोलर असते आणि सामू १ येतो. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात मात्र दर हजार रेणूंपैकी साधारण तेराच रेणू विचरित अवस्थेत असतात आणि उरलेले नऊशे सत्त्याऐंशी आपला हायड्रोजन धरून बसलेले असतात. सुट्या आयनांची संहती त्यामुळे सुमारे ०.००१३ मोलर भरते आणि सामू २.८७ येतो. पट्टीवरचे रंग एकेका अंकाच्या अंतराने छापलेले असल्यामुळे तो ३ दिसला. प्रत्यक्षात फरक शंभरपट नसून सुमारे पंचाहत्तर पट आहे. अर्थात एवढ्याने मुलीची शंका मिटत नाही.

ती मिटते पुढच्या गोष्टीने. हे तेरा रेणू कायमचे ठरलेले तेरा नसतात. रेणू सतत तुटत असतात आणि तुटलेले आयन पुन्हा सतत जोडले जात असतात, आणि या दोन क्रियांचा वेग सारखा झाला की समतोल साधतो. त्या समतोलात कोणत्याही क्षणी मोजणी केली तर हजारांत तेरा सुटे सापडतात. सोडिअम हायड्रॉक्साइडचा पहिला थेंब पडला की त्यातील हायड्रॉक्साइड आयन सुट्या हायड्रोजन आयनांशी संयोग पावून पाणी तयार करतात, सुट्यांची संख्या घटते, समतोल ढळतो आणि तो पुन्हा साधण्यासाठी आणखी रेणू तुटतात. हे इतक्या झपाट्याने घडते की ब्युरेटची तोटी कितीही चटकन सोडली तरी आपल्याला उशीर जाणवत नाही.

आपल्या मुंबईतील इमारतींत तळटाकी आणि गच्चीवरील टाकी अशी जोडी असते, ती येथे डोळ्यांसमोर आणावी. गच्चीवरील टाकी लहान असली तरी पाणी वापरले जाईल तसा पंप खालून पाणी चढवत राहतो. त्यामुळे रहिवाशांना दिवसभरात एकूण किती पाणी मिळेल हे गच्चीवरील टाकीच्या पातळीवरून सांगता येत नाही, दोन्ही टाक्यांतील पाण्याची बेरीज करावी लागते. ॲसेटिक आम्लाचे तसेच आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या इमारतीला तळटाकीच नाही, सगळे पाणी आधीच गच्चीवर आहे. बाईंनी दोन्ही पात्रांत रेणूंची एकूण संख्या समान घेतली होती, म्हणून आम्लारीही समान लागली.

हे विचरण खरोखर कमी असते याचा पुरावा मुलांना दाखवायचा असेल, तर विजेच्या बल्बचा प्रयोग करावा. समान संहतीच्या या दोन द्रावणांत इलेक्ट्रोड बुडवून विद्युत मंडल पूर्ण केले, तर हायड्रोक्लोरिक आम्लात बल्ब चांगला उजळतो आणि ॲसेटिक आम्लात तो मंद लागतो किंवा लागतही नाही, कारण वीज वाहून नेण्याचे काम आयनच करतात. स्वीडनच्या स्वांते अरेनियस यांनी विद्राव्य पदार्थ पाण्यात आयनांच्या रूपात विभागले जातात ही कल्पना अशाच विद्युतवहनाच्या मापनांतून मांडली. १८८४ साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला तेव्हा उप्सालाच्या परीक्षकांनी तो कसाबसा उत्तीर्ण केला होता, आणि पुढे १९०३ साली त्याच विचरणाच्या सिद्धान्तासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामूची मोजपट्टी त्यानंतरची आहे. ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली तयार केली. सामू म्हणजे आम्लाचे एकूण माप, असा जो समज वर्गात नकळत रुजतो, तो सोरेन्सन यांच्या व्याख्येत कोठेही नाही. ती व्याख्या सुट्या आयनांपुरतीच आहे.

आणखी एक प्रयोग सुचवतो. दोन बाटल्यांत समान संहतीची व समान आकारमानाची ही दोन आम्ले घेऊन प्रत्येकीत मॅग्नेशिअमच्या फितीचा सारख्याच लांबीचा, पण सर्व आम्ल संपवून थोडा उरेल इतका मोठा तुकडा टाकावा आणि तोंडाला फुगे बसवावेत. हायड्रोक्लोरिक आम्लावरील फुगा झटकन फुगतो आणि ॲसेटिक आम्लावरील रेंगाळत फुगतो, मात्र धीर धरला तर शेवटी दोन्ही फुगे सारख्याच आकाराचे होतात. वेग सुट्या आयनांच्या संहतीवर अवलंबून राहिला आणि एकूण वायू एकूण हायड्रोजनवर. मुलीला हे पाहिल्यावर माझ्या वरच्या तीन परिच्छेदांची गरज भासणार नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. सौम्य म्हणजे विचरण अंशतः होणारे, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याचे प्रमाण किती आहे ही बाब निराळी असून तिला विरल आणि संहत हे शब्द आहेत. आम्ल तीव्र व विरल असू शकते, तसेच सौम्य व संहतही असू शकते. आपल्या जठरातील रसात असणारे हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे आणि ते आपण जन्मभर पोटात बाळगतो. उलट हायड्रोफ्लोरिक आम्लाची गणना सौम्य आम्लांत होते, पण ते काच कोरते आणि त्वचेतून आत उतरून गंभीर इजा करते.

लालबागचा रंगारी

मास्तरांनी शेवटी जे लिहिले त्याला माझ्या नोकरीतील अनुभवाची जोड देतो. मी एका कापड गिरणीच्या डाईंग खात्यात होतो. तेथे सौम्य आम्ल मुद्दाम निवडले जात असे, आणि ते निवडण्याचे कारण या ताईंच्या मुलीच्या शंकेतच आहे.

सुती कापडाला चकाकी यावी आणि त्याने रंग चांगला धरावा म्हणून ते ताणून धरून सुमारे २० टक्क्यांच्या आसपासच्या कॉस्टिक सोड्यातून काढतात. या क्रियेला मर्सरायझिंग म्हणतात. नंतर कापड कितीही पाण्याने धुतले तरी सुताच्या आत थोडे कॉस्टिक राहतेच. ते राहिले आहे की नाही हे पाहायला आमच्याकडे फार सोपी रीत होती. पिळलेल्या पांढऱ्या कापडाच्या किनारीवर फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब सोडायचा. डाग बिनरंगी राहिला तर कापड पुढे जायचे, आणि किनारीवर गुलाबी वर्तुळ उमटून धाग्याधाग्याने पसरू लागले तर त्या गाठी परत धुलाईला. आतले कॉस्टिक मारण्यासाठी मग कापडाला आम्लाची धुलाई द्यावी लागते.

आता येथे सल्फ्युरिक आम्ल वापरले तर ते स्वस्त पडते आणि त्याचा एक रेणू कॉस्टिकच्या दोन रेणूंना पुरतो, पण आम्ल मोजून टाकताना थोडे जरी जास्त झाले तरी तेवढ्यानेच बादलीतील पाण्याचा सामू खूप खाली जातो. त्याहून वाईट म्हणजे कापड वाळवण्याच्या तापलेल्या सिलिंडरवरून जाते तेव्हा पाणी उडून जाते आणि सल्फ्युरिक आम्ल मागे राहून अधिकाधिक संहत होत जाते. सुताचा मूळ पदार्थ सेल्युलोज आहे, आणि त्याच्या लांब साखळ्या अशा आम्लाने तुटतात. कापड दिसायला उत्तम राहते, पण दोन हातांत धरून झटका दिला की कागदासारखे फाटते. म्हणून स्वस्त आम्ल वापरायचे झाले तर नंतर पाणी भरपूर लागते आणि लक्षही डोळ्यांत तेल घालून ठेवावे लागते.

ॲसेटिक आम्लाचे तसे नाही. कॉस्टिक मारायला ते रेणूस रेणू हायड्रोक्लोरिकइतकेच उपयोगी पडते, हे तर बाईंच्या प्रात्यक्षिकाने दाखवूनच दिले. जास्त झालेले आम्ल मात्र बहुतांश न विचरलेल्या अवस्थेत राहते, त्यामुळे सामू फार खाली उतरत नाही आणि कापड वाळताना ते बऱ्याच अंशी वाफेबरोबर निघूनही जाते. ताकद पूर्ण आणि चटका कमी, असा हा सौदा आहे. सौम्य आम्लाला ‘कमी कामाचे आम्ल’ समजणाऱ्यांना डाईंग खात्यात एक पाळी करायला लावली पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

सुरक्षिततेबद्दल मास्तरांशी पूर्ण सहमत आहे. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल साधारण चार ते पाच टक्के असते आणि आपण ते चायनीजच्या गाडीवर मिरच्यांसकट खातो. कारखान्यात येणारे ‘ग्लेशियल’ ॲसेटिक आम्ल जवळजवळ शुद्ध असते. त्याने त्वचेवर फोड येतात आणि त्याच्या वाफेने डोळे उघडे ठेवता येत नाहीत. ते १६.६ अंश सेल्सिअसला गोठते, म्हणून थंड प्रदेशांत त्याचा बर्फासारखा खडा होतो. मुंबईच्या हवेत कॅन सहसा पातळच राहतात.

मुलुंडची पालक

मास्तर आणि रंगारीकाका, दोघांचेही मनापासून आभार. मुलीने दोन्ही उत्तरे स्वतः वाचली. टाकीचे तिला लगेच पटले, पण त्यावर तिने आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत.

पहिली गोष्ट प्रात्यक्षिकातलीच आहे. वर्गातील दुसऱ्या गटाला फिनॉल्फ्थॅलिनऐवजी मिथिल ऑरेंज हा दर्शक दिला होता. त्यांच्या हायड्रोक्लोरिक आम्लाला १० मिलिलीटरच लागले. ॲसेटिक आम्लाचा रंग मात्र बराच आधी बदलू लागला, आणि तोही एका थेंबात न बदलता तांबूस, नारिंगी, पिवळट असा हळूहळू बदलत गेला, त्यामुळे कोठे थांबायचे यावरून त्या गटात वाद झाला. तळटाकी रिकामी होईपर्यंत पंप चालूच राहत असेल, तर येथे तो मध्येच कसा थांबला?

दुसरी गोष्ट म्हणजे यातील काही घरी करून पाहता येईल का? घरात कॉस्टिक सोडा किंवा बाथरूमचे ॲसिड मी आणणार नाही.

माटुंग्याचा विद्यार्थी, बीएस्सी रसायनशास्त्र

ताई, मिथिल ऑरेंजच्या प्रयोगात पंप थांबला नव्हता, दर्शकाने घंटा लवकर वाजवली. प्रत्येक दर्शकाचा रंग सामूच्या ठरावीक पट्ट्यात बदलतो. मिथिल ऑरेंज सुमारे ३.१ ते ४.४ या पट्ट्यात लाल रंगाचे पिवळे होते, आणि फिनॉल्फ्थॅलिन सुमारे ८.२ च्या पुढे गुलाबी होऊ लागते. उदासिनीकरण पूर्ण झाले आहे की नाही याची दर्शकाला कल्पना नसते. त्याच्या पट्ट्यातला सामू आला की तो रंग बदलतो.

हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाबतीत हे दोन्ही दर्शक चालतात, कारण तेथे अंत्यबिंदूजवळ, म्हणजे आम्ल संपत येते तेव्हा, एक-दोन थेंबांतच सामू साधारण ४ वरून १० पर्यंत उडी मारतो आणि या उडीत दोन्ही पट्टे पार होतात. ॲसेटिक आम्लात अशी लांब उडी नाही. त्यात आम्लारी पडू लागली की सोडिअम ॲसिटेट हा क्षार तयार होतो, आणि न विचरलेले आम्ल व त्याचा क्षार एकत्र असलेले द्रावण सामूतील बदलाला विरोध करते. निम्मी आम्लारी पडलेली असते तेव्हा सामू ४.७५ च्या आसपास असतो. मिथिल ऑरेंज पूर्ण पिवळे व्हायला ४.४ पुरतो, आणि मी आकडे मांडून पाहिले तर त्या वेळी एक तृतीयांशाहूनही कमी आम्ल उदासीन झालेले असते. शिवाय या भागात सामू इतक्या संथपणे चढतो की रंगही रेंगाळतच बदलणार. दुसऱ्या गटाचे हात स्वच्छच होते, त्यांना दर्शक चुकीचा मिळाला.

येथे आणखी एक गोष्ट मुलीच्या लक्षात आणून द्यावी. ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल आणि तितकेच ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड नेमके मिसळले की उरते ते सोडिअम ॲसिटेट आणि पाणी, पण त्याचा सामू ७ नसून सुमारे ८.७ असतो. ॲसिटेट आयन पाण्यातील थोडे हायड्रोजन पुन्हा आपल्याकडे ओढून घेतात आणि हायड्रॉक्साइड आयन किंचित जास्त उरतात. उदासिनीकरणानंतर सामू नेहमी ७ असतो, हे पाठांतर हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडिअम हायड्रॉक्साइड अशा तीव्र जोडीपुरतेच खरे आहे. ८.७ हा आकडा फिनॉल्फ्थॅलिनच्या पट्ट्यात बसतो, म्हणून बाईंनी मुलीच्या गटाला दिलेला दर्शक योग्य ठरला.

आता घरच्या प्रयोगाबद्दल. आम्लारी म्हणून पानाच्या चुन्याची निवळी वापरा. पानपट्टीवर मिळणारा ओला चुना एक चमचाभर घेऊन झाकणाच्या बाटलीत लिटरभर पाण्यात हलवा, रात्रभर स्थिर ठेवा आणि सकाळी वरचे स्वच्छ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओता. बाटली तोंडापर्यंत भरून झाकण घट्ट लावा, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे निवळीवर कॅल्शिअम कार्बोनेटची साय धरते आणि तिची ताकद कमी होते. कॅल्शिअम हायड्रॉक्साइड पाण्यात फार कमी विरघळते, आणि प्रयोगाला तेच सोयीचे ठरते: खाली थोडा चुना शिल्लक असेपर्यंत चमचा लहान-मोठा झाला तरी निवळीतील हायड्रॉक्साइडची संहती साधारण ०.०४५ मोलर एवढीच राहते. मात्र तिचा सामू १२ च्या वर असतो, म्हणून ती डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि प्रयोगाच्या वेळी मोठ्या माणसाने जवळ असावे.

दर्शकासाठी हळद घ्या. चिमूटभर हळद चमचाभर सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळून वरचा पिवळा द्राव वापरावा, पाण्यात तिचा रंग नीट उतरत नाही. हळदीचा रंग सुमारे ७.४ ते ८.६ या पट्ट्यात पिवळ्याचा तांबडा-तपकिरी होतो. कपड्यावरच्या आमटीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तो याच कारणाने. म्हणजे व्हिनेगरसाठी हळद मिथिल ऑरेंजपेक्षा कितीतरी चांगला दर्शक आहे.

एक भाग व्हिनेगर आणि एकोणीस भाग पाणी असे मिश्रण करून त्यातील ५० मिलिलीटर काचेच्या पेल्यात घ्या, हळदीचे थेंब घाला आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बिनसुईच्या सिरिंजने निवळी मोजत सोडा. या मिश्रणाचा सामू पट्टीवर ३ च्या आसपास दिसेल. त्यात फक्त सुटे हायड्रोजन आयनच उदासीन व्हायचे असते, तर मिलिलीटरभर निवळी पुरली असती. प्रत्यक्षात रंग टिकेपर्यंत साधारण ३५ ते ५० मिलिलीटर निवळी लागेल. नेमका आकडा तुमच्या बाटलीतील व्हिनेगर चार टक्क्यांचे आहे की पाच टक्क्यांचे, यावर ठरेल. या प्रयोगात हायड्रोक्लोरिक आम्ल लागतच नाही, कारण पट्टी आणि सिरिंज यांच्या उत्तरांतील तफावतच मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देते.

निवळीच्या जागी खाण्याचा सोडा घेऊ नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने द्रावण फसफसते, आणि सोड्याच्या स्वतःच्या द्रावणाचा सामू सुमारे ८.३ च असल्यामुळे रंग ठळकपणे उलटत नाही.

भांडुपची गृहिणी

बाथरूमचे ॲसिड घरी प्रयोगाला आणणार नाही, हे ताईंनी लिहिले ते फार योग्य केले. त्याला जोडून एक गोष्ट सर्व पालकांना सांगावीशी वाटते. संडास धुण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि कपड्यांच्या ब्लीचमध्ये सोडिअम हायपोक्लोराइट असते. दोन्ही एकदम ओतले तर जास्त स्वच्छता होईल या समजुतीने पुष्कळ घरांत ती मिसळली जातात, आणि त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. आपल्याकडील चाळींतील आणि जुन्या इमारतींतील न्हाणीघरे एवढी लहान असतात आणि खिडकी इतकी वर असते की तेथे थोडा वायूही फार होतो. तीव्र आम्लाचा पाठ शिकवताना एवढी सूचना फळ्यावर लिहायला हरकत नसावी.

मुलुंडची पालक

हळद आणि निवळीचा प्रयोग रविवारी केला. पट्टीवर ३ दिसले आणि निवळी चाळीस मिलिलीटरच्या थोडी पुढे लागली, त्यामुळे पहिली शंका आता पूर्ण मिटली आहे. व्हिनेगर विरल करताना मात्र मुलीने नवा प्रश्न काढला. आम्लात दहापट पाणी घातले की सामू एकाने वाढतो, असे पुस्तकात आहे; मग पाणी घालतच राहिले तर सामू ७ ओलांडून ८ होईल आणि आम्लाची आम्लारी होईल का? आणि सौम्य आम्लाला हाच नियम लागू होतो का?

गिरगावचे मास्तर

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण त्याने पहिला सोपा होतो. दहापट पाण्याला एक अंक, हा नियम पूर्ण विचरण झालेल्या आम्लाचा आहे. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ०.०१ मोलर केले की सामू १ चा २ होतो. ॲसेटिक आम्लात तितकेच पाणी घातले तर तो २.८७ वरून ३.३७ वरच, म्हणजे अर्ध्या अंकानेच सरकतो, कारण पाणी वाढले की विचरणही वाढते आणि हजारांत तेराऐवजी सुमारे बेचाळीस रेणू सुटे होतात. पाणी घालत घालत ०.००००१ मोलरपर्यंत गेलो, तर शंभरातले सुमारे बहात्तर रेणू विचरित असतात आणि ॲसेटिक आम्लाचा सामू ५.१५ येतो, तेथे तेवढ्याच हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ५ असतो. म्हणजे पुरेसे विरल केले की तीव्र आणि सौम्य यांतील फरक जवळजवळ नाहीसा होतो.

सामू ७ च्या पलीकडे मात्र कोणतेही आम्ल जाणार नाही. शुद्ध पाण्याचे स्वतःचेही किंचित विचरण होते आणि २५ अंश सेल्सिअसला त्यातून मिळणाऱ्या हायड्रोजन आयनांची संहती ०.००००००१ मोलर असते. आम्ल दाट असताना पाण्याचा हा वाटा नगण्य ठरतो, म्हणून पुस्तकातील सोपा नियम तो धरत नाही. आम्लाची संहती त्याच्याही खाली, म्हणजे याच्या एक दशांशावर आणली की आता आम्लाचाच वाटा लहान होतो आणि पाण्याचा मोठा. दोन्ही वाटे आणि त्यांचा समतोल धरून गणित केले तर अशा हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ८ न येता ६.९८ येतो. मुलीला बीजगणितातील वर्गसमीकरण येऊ लागले की ती हे स्वतः सोडवू शकेल.

हे पीएच पट्टीने घरी तपासून पाहण्याचा प्रयत्न मात्र करू नये. हवेला उघड्या राहिलेल्या शुद्ध पाण्यातही कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा सामू सुमारे ५.६ पर्यंत उतरतो, आणि नळाच्या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट असल्यामुळे ते इतके विरल आम्ल गिळून टाकते. त्या टप्प्यावर पट्टी जे दाखवेल ते पाण्याचे आणि हवेचे असेल.